बसस्टँडवरचं इंग्रजी

सन एकोणीसशे ब्याऐंशी. ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं लातुरातही नि आमच्या नांदेडातही ओढ दिली होती. डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी हदगावच्या बसस्टँडवर यांचा डबा घेऊन गेले, तेव्हा समोरच्या किराणा दुकानातून मलप्पा धावत येत होता. एका पायात चप्पल होती, दुसरी रस्त्यातच राहिली होती.

“मास्तर, तार! लातूरची तार आली!”

“आधी दम घ्या मलप्पाशेठ,” हे खिडकीतून म्हणाले. “नांदेड गाडी रिव्हर्स येऊन राहिली. तिच्याखाली जाल, मग मलाच तार करावी लागंल.”

मलप्पाच्या मागोमाग त्याची बायको शिवकांता आली. हात पिठानं भरलेले होते.

“मास्तर, आप्पाची हाय का? बरं हायत न्हवं आप्पा?”

यांनी तार घेतली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. घाई करायची यांना सवयच नव्हती. गाडी वेळेवर सोडणाऱ्यानं स्वतः घाई करायची नसते, असं ते म्हणत.

माझे यजमान लिंबाजी हे हदगाव स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आधी अकरा वर्षं कंडक्टर. त्याही आधी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेले. आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंत पोचलेले तेच पहिले. बाबासाहेबांच्या मागं धम्मात आलेली माणसं आम्ही. नापास झाल्याचं दुःख यांच्यापेक्षा सासऱ्यांनाच जास्त झालं होतं. पुढं एसटीत लागल्यावर यांनी ते इंग्रजी दुसऱ्या दारानं घरात आणलं. तिकिटाच्या ट्रेवर, गाडीच्या पाटीवर, डेपोच्या परिपत्रकात जो शब्द दिसेल तो वहीत उतरवायचा, डेपोतल्या साहेबाला अर्थ विचारायचा. अरायव्हल म्हणजे येणे. डिपार्चर म्हणजे सुटणे. सिंगल, रिटर्न, लगेज, स्टेज, व्हाया, नॉनस्टॉप. असे दोनेकशे शब्द होते यांच्याकडं, आणि एकही शब्द रस्ता सोडून बाहेरचा नव्हता.

नियंत्रक झाल्यावर यांनी वेळापत्रकाच्या फळ्यावर खाली उजव्या कोपऱ्यात रोज एक शब्द खडूनं लिहायला सुरुवात केली. गाडीची वाट बघत बसलेली माणसं दुसरं काय करणार? वाचायची, न येणाऱ्याला वाचून दाखवायची. वर्षभरात अख्ख्या तालुक्याला ते इंग्रजी येऊ लागलं. तामश्याच्या बाजूची एक म्हातारी मला म्हणाली होती, “काय सांगू माय, सून लई तिखट. दिवाळीला माहेरी गेली ती सिंगलच गेली, रिटर्न न्हाईच!” कुणाचं लग्न व्हाया मामा जुळायचं, कुणाची सासू पावसाळ्यात ब्रेकडाऊन व्हायची. यांना कुणी वाहतूक नियंत्रक म्हणत नसे, सगळे मास्तर म्हणत. बाजारपेठेतले लिंगायत व्यापारीसुद्धा. एरवी आमच्या घरचं पाणी घेताना जे क्षणभर अडखळायचे, तेही इंग्रजी कागद आला की आमच्या खिडकीशी उभे राहायचे आणि ‘मास्तर’ म्हणायचे. त्या एका शब्दासाठी हे किती ताठ चालत, ते मला माहीत आहे.

शिवकांताचे वडील विरूपाक्षआप्पा औशाकडचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले, तेव्हापासून कुठं ना कुठं राखणदारी करत होते. बायको नाही, दुसरं मूल नाही. दहा वर्षं शिवकांता त्यांना आपल्याकडं ये म्हणत होती आणि दहा वर्षं ते एकच उत्तर देत होते, “लेकीच्या दारात ऐतं बसून खाणारा न्हवं मी.” नवा जिल्हा झाला, लातुरात कचेऱ्यांची नवी बांधकामं निघाली, तशी त्यांना एका बांधकामावर रात्रीच्या राखणीचं काम मिळालं. सहा महिन्यांच्या बोलीवर. त्या दिवाळीला आले तेव्हा मात्र थकलेले दिसले, आणि निघताना दुकानाच्या पायरीवर आमच्या सगळ्यांदेखत म्हणाले, “एवढी मुदत संपू दे पोरी. मुदत संपली की येतो. तुझ्या साखरेच्या पोत्यावरल्या मुंग्या राखत बसतो.”

शिवकांता त्या दिवशी रस्त्यातच नाचायची बाकी राहिली होती. मागच्या खोलीतली पोती हलवून तिनं आप्पासाठी खाट टाकून ठेवली होती. महिनाभर तिच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

यांनी तार मोठ्यानं वाचली. “फादर एक्स्पायर्ड. स्टार्ट लातूर. बसवराज.”

“बसवराज म्हंजे त्यांच्यासंगट राखणीला हाय तो,” मलप्पा म्हणाला. “पर अर्थ काय मास्तर?”

“फादर म्हणजे वडील. एक्स्पायर्ड...” हे हसले. हा शब्द तर यांच्या रोजच्या हातातला. शाळकरी मुलींचे महिन्याचे पास तपासताना तारीख उलटलेल्या पासावर हे लाल पेनानं तोच शब्द लिहीत. “एक्स्पायर्ड म्हणजे मुदत संपली. स्टार्ट म्हणजे निघणे. वडिलांची मुदत संपली, लातूरहून निघाले. बसवराजनं कळवलंय.”

शिवकांतानं पिठाचे हात तोंडावर घेतले. “आप्पा निघालं? आजच?”

“तारेत तेच हाय.”

“पर मुदत तर फाल्गुनापतूर व्हती...”

“नवा जिल्हा हाय बाई. रोज नवे हुकूम निघून राहिले. आज लावतेत, उद्या काढतेत.”

“काढू दे की! बरंच झालं काढलं!” शिवकांता म्हणाली आणि तिथंच, स्टँडच्या मधोमध, डोळे पुसायला लागली. पीठ सगळं तोंडाला लागलं. मलप्पा म्हणाला, “मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो. संध्याकाळी पेढे घेऊन येतो.”

मी डबा हातात घेऊन तिथंच उभी होते. आणि तो शब्द मी आधी ऐकलेला होता.

माझं माहेर मुदखेडचं. वडील रेल्वेत गँगमन. जंक्शनमागच्या क्वार्टरांच्या ओळीत आमच्या शेजारी सरजाबाई राहायची. तिचा नवरा भीमा काविळीनं आजारी पडला, त्याला सिकंदराबादच्या दवाखान्यात नेलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एके दिवशी दुपारी स्टेशनातला बाबू कागद घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, “अम्मा, भीमा एक्स्पायर हो गया.” सरजाबाईनं विचारलं, “मग आता कोणत्या गाडीनं येतेत?” बाबू खाली बघत राहिला. मग माझ्या आईनं पुढं होऊन तिला धरलं.

हे सगळं त्या एका क्षणात माझ्यासमोर आलं. पण मी शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. शब्दाला दोन अर्थ असू शकतात, बाबूचं वेगळं असेल, यांचं वेगळं असेल. आणि समोर मलप्पा यांचा हात हातात घेऊन ‘मास्तर, मास्तर’ करत होता. त्या माणसादेखत मी यांना कसं म्हणू, की तुमचं चुकलं? मी डबा खिडकीत ठेवला आणि घरी आले.

घरी आले आणि काही सुचेना. तांदूळ निवडायला घेतले, ते तसेच ठेवले. एकाच्या सुमाराला दारावरून शिवकांता गेली. दिवाळीचं हिरवं इरकल नेसली होती, कपाळावर विभूती, हातात पाण्याची कळशी.

“वैनी, नांदेडहून येणारी दीडची गाडी बघून येते. आप्पा पहाटे निघालं असलं तर त्याच गाडीत असतील. दातं न्हाईत त्यास्नी, म्हणून दुधात कणीक मळून ठेवली.”

ती पुढं गेली. मी दार ओढून घेतलं आणि मागच्या वाटेनं स्टँडवर गेले. यांना खिडकीशी बोलावलं आणि सरजाबाईची गोष्ट सांगितली.

हे आधी हसले. “रेल्वेचं इंग्रजी येगळं असतं सुमन.”

मग हसायचे थांबले. टेबलावर जुन्या पासांची चळत होती, प्रत्येकावर यांच्या अक्षरात तो लाल शब्द. वरचा पास यांनी उचलला आणि बराच वेळ बघत राहिले. मग टोपी घातली आणि पोस्टाकडं चालत सुटले. यांना इतक्या भरभर चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोस्टमास्तर चांगला माणूस होता. म्हणाला, “अहो, दुःखाची तार म्हणून सकाळी घेतल्या घेतल्या पाठवली मी. मला वाटलं, ती माणसं एव्हाना लातूरच्या वाटेला लागली असतील.” ‘स्टार्ट’ म्हणजे तुम्ही निघा, हेही त्यानंच सांगितलं.

हे परत आले तेव्हा दीडची गाडी लागली होती. शिवकांता दाराशी उभी राहून उतरणारं एक-एक माणूस बघत होती. गाडी रिकामी झाली तरी ती कंडक्टरला विचारत होती, “मागच्या सीटवर कुणी म्हातारं निजलंय का बघा की भाऊ.”

यांनी टोपी काढून हातात घेतली.

“शिवकांताबाई. मी चुकीचं वाचलं.”

“म्हंजे?” ती म्हणाली. “आज न्हाई येणार? उद्याच्या गाडीनं?”

मीच तिच्या हातातली कळशी घेतली आणि तिला धरलं. मलप्पा दुकानातून पाहत होता. आमच्याकडं बघून त्याला कळलं असावं. फळ्या न लावता तसाच पळत आला. त्यानं यांच्याकडं एकदा पाहिलं आणि शिवकांताचा दुसरा हात धरला.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, आणि तीही दिवस मावळायच्या आत. शेवटची विभूती आपल्या माणसाच्या हातची लागते. हे आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं. सकाळी साडेनऊला निघालो असतो तर साडेचारपर्यंत लातूर गाठलं असतं. आता दोन वाजायला आले होते.

यांनी खिडकी दुसऱ्याच्या हवाली केली आणि आम्ही चौघं नांदेडच्या गाडीत बसलो. म्हणजे आम्ही तिघं बसलो. हे उभेच राहिले. अर्धापूरपासून अर्धी गाडी रिकामी होती, कंडक्टर ओळखीचा, दोनदा म्हणाला, “मास्तर, बसा की.” हे दांडी धरून उभे. नांदेडला लातूरची गाडी मिळेपर्यंत सव्वाचार झाले. शिवकांता खिडकीशी बसली होती. ती रडत नव्हती. फक्त सूर्य कुठवर आलाय ते बघत होती. माळाकोळीच्या पुढं उघड्या माळावर तो टेकला, लाल झाला आणि गेला. तेव्हा तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मान खिडकीला टेकवली.

अहमदपूरला गाडी चहाला थांबली. यांनी मला खाली बोलावलं.

“सकाळी तू तिथंच व्हतीस.”

“होते.”

“शब्द आठवला व्हता?”

“आठवला होता.”

“मग बोलली का न्हाईस?”

“मलप्पाशेठ तुमचा हात धरून उभे होते,” मी म्हटलं.

यांनी कप खाली ठेवला. नंतर बावीस वर्षं आम्ही एकत्र होतो, पण त्या गोष्टीवर आमचं झालेलं बोलणं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवराजनं आम्हांला रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, नेलं. पन्नाशीचा, काटक माणूस. आप्पांचं स्वेटर त्यानं घडी घालून आणलं होतं. माती अजून ओली होती, वर बेलाची पानं ठेवलेली होती.

“सोमवारी राती जेवलं, नि छातीत दुखतंय म्हणाले,” तो सांगत होता. “दवाखान्यात नेऊस्तोवर संपलं. सकाळी तारघर उघडल्या उघडल्या तार केली. तुमची लई वाट बघितली ताई. जंगमस्वामी म्हणाले पाचला उचला, मी म्हटलं साडेपाच करा, हदगावहून लेक येऊन राहिली. प्रत्येक रिक्षा थांबली की बघायचो. शेवटी सूर्याचा नुसता कडा राहिला, तवा मग...”

“विभूती कुणी लावली?” शिवकांतानं विचारलं.

“मीच लावली. आपलं म्हणावं असं कुणीतरी पायजे न्हवं.”

शिवकांता वाकली आणि तिनं बसवराजच्या पायांना हात लावला. तो दचकून मागं सरला. हे सगळं होईस्तोवर आमचे हे फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे होते. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि येऊ नका असंही कुणी म्हटलं नाही.

हदगावात बातमी आमच्या आधी पोचली होती. कॉलेजची पोरं खिडकीशी येऊन विचारायची, “मास्तर, उमरखेड गाडी येणार हाय का एक्स्पायर झाली?” आडत दुकानाचे अण्णाराव चारचौघांत म्हणाले, “कागद कुणाच्या हातात द्यावा, याचंबी माणसाला भान पायजे.” त्या बोलण्यात इंग्रजीखेरीज दुसरंही काही होतं, ते ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलं. यांनाही कळलं. हे मान खाली घालून डिझेलच्या नोंदी लिहीत राहिले. फळ्यावरचा कोपरा यांनी ओल्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा तिथं काही लिहिलं नाही. कर्ण्यावरून पुकारतानाही शब्द बदलले. अरायव्हल-डिपार्चर गेलं, ‘आली आहे’, ‘सुटत आहे’ एवढंच. माणसंच उलट गोंधळायची.

मलप्पा एक शब्द बोलला नव्हता, ना चांगला ना वाईट. दुकानासमोरून जाताना मी खाली बघून जायची. सात-आठ महिन्यांनी, पुढच्या पावसाळ्यात, तो एकदा खिडकीशी आला. हातात कुठल्याशा कंपनीचा इंग्रजी कागद होता.

“मास्तर, जरा बघता का?”

दुसऱ्या कुणाकडंही तो जाऊ शकला असता. हायस्कूल दोन मिनिटांवर होतं. तो मुद्दाम आला होता, आणि ते यांनाही कळत होतं. यांनी कागद घेतला, चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत बघितला. मग घडी घालून परत दिला.

“मला इंग्रजी येत न्हाई मलप्पाशेठ.”

मलप्पानं कागद खिशात ठेवला. “बरं,” म्हणाला आणि गेला.

त्यानंतर हे बारा वर्षं नोकरीत होते. गाड्या वेळेवर सोडल्या, एकही दिवस उशिरा गेले नाहीत. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या साहेबांनी भाषण केलं, शाल दिली. यांना दोन शब्द बोला म्हटलं, तर उठून नमस्कार करून बसले. आम्ही नांदेडला धाकट्या मुलाकडं राहायला आलो. इथंच दोन हजार चार साली, चैत्रात, झोपेत गेले. शब्दांची वही मी नंतर पेटीत, माळ्यावर, पुस्तकांत सगळीकडं शोधली. मिळाली नाही.

बसवराज पुढं कचेरीत शिपाई म्हणून कायम झाला. लग्न केलं नाही. दर दिवाळीला शिवकांता त्याला फराळ पाठवायची. तो गेल्यावर मातीला मलप्पाच गेला, वेळेवर पोचला आणि विभूतीही त्यानंच लावली. अण्णारावांची आडत मुलांत वाटली गेली आणि बंद पडली. सरजाबाईचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. ती ओळ पाडून तिथं नवी घरं झाली. मलप्पालाही जाऊन आता सहा वर्षं झाली.

शिवकांता आहे. सत्तरीच्या पुढची. लेकाची बदली इथं झाली, म्हणून आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहते. गुडघे दुखतात, तरी दुपारी काठी टेकत येते, माझ्याजवळ दारात बसून डाळ निवडू लागते. त्या सकाळी खिडकीशी उभी असतानाच मला तो शब्द आठवला होता, हे मी तिला सांगितलेलं नाही. पुष्कळदा ओठांवर येतं.

ती आप्पांच्या आठवणी काढते. त्यांचं तंबाखू मळणं, दुष्काळात खडी फोडून सोललेले हात, देवळात तारस्वरात भजन म्हणणं. त्या दिवाळीत ते आले, जावयाला हसून बोलले, दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्याले, मग गाडीत चढले आणि खिडकीतून हात केला, इथपर्यंत ती येते. दर वेळी इथपर्यंतच. मग ती थांबते. मीही पुढचं काही विचारत नाही.

मग ती सूप पुढं ओढते, आपटून फोल उडवते आणि म्हणते, “वैनी, ह्या तुरीत खडं लई हायत, सांजच्याला मुगाचीच टाकू का?”